वणावर उपचार: काय निवडायचं, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

वणावर उपचार शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा लेझरपासून सुरुवात करतो. कोणतं चांगलं, किती वेळा करावं लागेल, वण पूर्ण जाईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: पूर्ण जात नाही. जखम त्वचेच्या वरच्या पापुद्र्यापुरती असेल तर मागे काही उरत नाही. ती खालच्या जाड थरात उतरली की मात्र शरीर ती जागा घाईघाईने भरून काढतं. निरोगी त्वचेत कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू चटईसारखे आडवेउभे विणलेले असतात. वणात ते एकाच दिशेने, दाटीने पडतात. तिथे घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं सहसा परत येत नाहीत, आणि पूर्ण भरून आलेल्या वणाची ताकदही मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांवर थांबते. त्यामुळे उपचार सुईचा असो, लेझरचा असो की शस्त्रक्रियेचा, त्यातून मिळतो तो कमी नजरेत भरणारा वण. एवढं मान्य असेल, तर करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली पायरी: नेमकं काय खुपतंय ते ठरवा

दिवसाच्या उजेडात वण नीट पाहा, त्यावरून बोट फिरवा, आणि बाजूने उजेड पडेल असा एक फोटो काढून ठेवा. समोरून फ्लॅश मारला की खड्डे दिसेनासे होतात आणि मग उपचाराआधीच्या-नंतरच्या फोटोंची तुलना फसवी ठरते. आता स्वतःला विचारा: त्रास रंगाचा आहे, उंचीचा, खोलीचा, ओढीचा की वणाच्या रुंदीचा? एकाच वणात दोन-तीन गोष्टी असू शकतात, पण प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. सगळी निवड इथूनच सुटते.

रंग. मुरूम बसल्यावर मागे राहणारा तपकिरी किंवा लालसर ठिपका, जो बोटाला सपाट लागतो, तो खरं तर वण नव्हेच. तो डाग आहे. असे डाग काही महिन्यांत, कधी वर्षभरात, बऱ्याच अंशी आपोआप फिके होतात. त्यावर महागडे उपचार घेऊन मोकळे झालेले लोक कमी नाहीत.

उंची. इथे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. हायपरट्रॉफिक वण जाड, लाल, खाजरा असतो, पण मूळ जखमेची हद्द सोडत नाही. तो जखमेनंतर काही आठवड्यांत वर येतो आणि पुढे स्वतःहून थोडा खालीही बसू शकतो. केलॉइड मात्र हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत पसरतो, जखमेनंतर कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनीही सुरू होऊ शकतो, आणि आपणहून सहसा ओसरत नाही. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. सावळ्या आणि काळ्या त्वचेत, घरात आणखी कुणाला असेल तर, आणि साधारण १० ते ३० या वयात त्याची शक्यता जास्त असते.

खोली. मुरमांचे किंवा कांजिण्यांचे खड्डे यात येतात. मुरमांच्या खड्ड्यांतही तीन तऱ्हा आहेत. काही सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतात. काही रुंद, सपाट तळाचे आणि उभ्या कडांचे असतात. काही उथळ, लाटांसारखे असतात; गालाची कातडी बोटांनी हलकेच ताणली की हे तिसऱ्या प्रकारचे खड्डे बरेचसे नाहीसे होतात. ही साधी चाचणी पुढे उपयोगी पडेल.

ओढ. भाजल्यानंतर किंवा सांध्यावरच्या जखमेनंतर वण आखडतो. बोट सरळ होत नाही, मान वळत नाही, पापणी पूर्ण मिटत नाही. हा प्रश्न निव्वळ दिसण्याचा राहत नाही आणि त्याला घरगुती उपाय नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जुन्या वणावर, विशेषतः जुन्या भाजल्याच्या वणावर, नवीन फोड येऊन ती बरी होत नसेल, रक्त येत असेल, किंवा जखम न होताच एखादी कडक गाठ वाढत असेल, तर सौंदर्योपचार बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडून ती तपासून घ्या. जुन्या वणात क्वचित त्वचेचा कर्करोग होतो, आणि केलॉइडसारखी दिसणारी प्रत्येक गाठ केलॉइड नसते. गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी करतात.

दुसरी पायरी: वणाचं वय मोजा

वण पिकायला साधारण एक ते दीड वर्ष लागतं. पहिले काही महिने तो लाल, टणक आणि उठून दिसणारा असतो. नेमक्या याच काळात माणूस सर्वांत अस्वस्थ असतो आणि 'कापून नीट करून द्या' म्हणून मागे लागतो. चांगला सर्जन अशा वेळी थांबायला सांगतो. जो वण वर्षभरात स्वतःच मऊ आणि फिका होणार आहे, त्यावर चौथ्या महिन्यात चिरा देण्यात शहाणपण नाही. लहान मुलांचे वण तर मोठ्यांपेक्षा जास्त काळ लाल राहतात.

पण 'वर्षभर थांबा' हा नियम सरसकट लावू नका. तो मुख्यतः शस्त्रक्रियेसाठी आहे. वण वर येऊ लागला असेल, खाजत असेल, तर त्याला पहिल्या काही आठवड्यांतच गाठलं पाहिजे. लालसरपणावरचं लेझरही लवकर सुरू करता येतं. आणि आखडलेल्या वणामुळे पापणी मिटत नसेल तर डोळ्याचं बुबुळ कोरडं पडतं; तिथे थांबण्यात धोकाच आहे.

तिसरी पायरी: घरी जे खरंच उपयोगी आहे ते करा

जखम अजून ताजी असेल तर ती स्वच्छ, ओलसर आणि झाकलेली ठेवा. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी, एवढं पुरतं. 'जखमेला हवा लागू द्या' हा सल्ला जुना झाला. कोरडी, कडक खपली धरलेली जखम सावकाश भरते आणि वण वाईट सोडते. खपली खरवडू नका.

जखम पूर्ण मिटली की तीन गोष्टी.

पहिली, ऊन. नव्या वणावर ऊन लागलं की तो काळा पडतो आणि तो काळेपणा लवकर हटत नाही. कपड्याने झाका, नाही तर एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन लावा आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. निदान वर्षभर.

दुसरी, सिलिकॉन. वणाच्या घरगुती उपचारांत सर्वांत भरवशाचा हाच. चिकटपट्टीसारखी सिलिकॉन शीट किंवा पातळ जेल, दोन्ही चालतात. शीट दिवसातून निदान १२ तास, जमलं तर त्याहून जास्त वेळ लावून ठेवायची. ती धुऊन पुन्हा वापरता येते. चेहऱ्यावर किंवा सांध्यावर शीट टिकत नाही, तिथे जेल बरं. दोन ते तीन महिने नेमाने लावलं तरच उपयोग कळतो. बहुतेक लोक तीन आठवड्यांत सोडून देतात आणि मग 'सिलिकॉनने काही झालं नाही' असं सांगतात. खाली पुरळ किंवा ओलसरपणा दिसला तर एक-दोन दिवस मोकळं ठेवा आणि तास हळूहळू वाढवा.

तिसरी, मालिश आणि कागदी टेप. टाके निघाल्यावर आणि जखम घट्ट झाल्यावर साध्या मॉइश्चरायझरने दिवसातून दोनदा, बोटाने दाबून गोल गोल मालिश करतात. याचा पुरावा सिलिकॉनइतका भक्कम नाही, पण ताठरपणा आणि खाज कमी झाल्याचं अनेकांना जाणवतं, आणि खर्च शून्य. शस्त्रक्रियेच्या रेषेवर काही महिने त्वचारंगी कागदी टेप आडवी लावून ठेवली तर दोन्ही बाजूंची ओढ कमी होते आणि रेष रुंदावण्याची शक्यता घटते.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावणं मात्र सोडा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वणाला तिचा फायदा दिसला नाही, उलट सुमारे एकतृतीयांश लोकांना तिच्यामुळे त्वचेची ॲलर्जी झाली. कांद्याच्या अर्काच्या जेलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी कातडी जळते आणि डाग वाढतो.

चौथी पायरी: वण उंच असेल तर

सिलिकॉनने दबला नाही तर पुढचं पाऊल म्हणजे वणाच्या आत स्टेरॉइडचं इंजेक्शन. यासाठी बहुधा ट्रायॅमसिनोलोन वापरतात, साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी, अनेक वेळा. खाज आणि दुखणं बरेचदा आधी कमी होतं, उंची नंतर. टणक केलॉइडमध्ये सुई शिरणंच अवघड असतं आणि ते दुखतं. म्हणून काही डॉक्टर आधी द्रव नायट्रोजनने तो गोठवतात, त्याने तो थोडा मऊ होतो. स्टेरॉइड जास्त झालं किंवा शेजारच्या त्वचेत गेलं तर तिथे खळगा पडतो, रंग उडतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. स्त्रियांमध्ये पाळी काही काळ मागेपुढे होऊ शकते, हे आधी सांगितलं जात नाही आणि मग उगाच घाबरायला होतं. एकट्या स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या वणासाठी त्यात ५-फ्लुओरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते चालत नाही.

गोठवण्याच्या उपचाराचा एक तोटा सावळ्या त्वचेला जास्त भोवतो: तिथला रंग उडून पांढरा चट्टा राहू शकतो.

भाजल्यानंतरच्या मोठ्या उंच वणांसाठी मापाने शिवलेले घट्ट दाबकपडे असतात. ते दिवसाचे जवळजवळ २३ तास, सहा महिने ते वर्षभर घालावे लागतात. उकाड्यात ते अंगावर ठेवणं किती कठीण आहे हे वापरणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून घरच्यांची साथ इथे डॉक्टरइतकीच लागते.

आणि केलॉइडबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट: तो नुसता कापून टाकू नका. निव्वळ कापलेले केलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतात आणि कधी आधीपेक्षा मोठे होऊन येतात. कापायचाच असेल तर सोबत दुसरा उपचार ठरलेला हवा: स्टेरॉइडची इंजेक्शनं, दाब, किंवा हट्टी केलॉइडसाठी शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच सुरू होणारे किरणोपचार. कानाच्या पाळीवरचा केलॉइड काढल्यावर दाब देणारी खास क्लिप कित्येक महिने लावतात. 'दहा मिनिटांत काढून देतो' असं कुणी म्हणालं आणि नंतरच्या सहा महिन्यांबद्दल काही बोललं नाही, तर तिथून उठा.

पाचवी पायरी: खड्डे असतील तर

आधी मुरूम थांबले पाहिजेत. नवे मुरूम येत असताना जुने खड्डे भरत बसलात तर हिशेब कधीच जुळणार नाही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळ्या थांबवून सहा महिने कोणताही उपचार करू नये, असा पूर्वी दंडक होता. २०१७ साली तज्ज्ञांनी पुरावे तपासून तो बराच सैल केला. पण यंत्राने कातडी घासून काढणारं डर्माब्रेजन आणि संपूर्ण वरचा थर जाळणारं लेझर यांसाठी अजूनही थांबायलाच सांगतात.

आता ताणण्याची चाचणी आठवा. ताणल्यावर नाहीसे होणारे लाटांसारखे खड्डे खालून तंतूंनी बांधलेले असतात. ते तंतू सुईने आतल्या आत तोडण्याच्या पद्धतीला सबसिजन म्हणतात. १९९५ साली तिचं पहिलं वर्णन झालं. भूल देऊन करतात, आठवडाभर काळंनिळं दिसतं. अशा खड्ड्यांवर आधी वरून लेझर मारणं म्हणजे मूळ कारणाला हात न लावणं. तरीही अनेक ठिकाणी लेझरच आधी सुचवलं जातं, कारण यंत्र घेतलेलं असतं.

अरुंद, खोल खड्ड्यांना वरवरचे उपचार पोचतच नाहीत. त्यांच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब टोकदार काडीने टेकवतात. २००२ पासून ही पद्धत प्रचलित आहे. काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावं लागतं. हे ॲसिड घरी मागवून लावण्याचा विचारही करू नका, नवे वण पडतील. एखाददुसराच खड्डा असेल तर पंचने, म्हणजे बारीक गोल पात्याच्या हत्याराने, तो कापून काढणं आणि तिथे टाका घालणं सोपं. रुंद, सपाट तळाच्या खड्ड्याचा तळ पंचने सोडवून वर उचलता येतो.

सर्वसाधारण खडबडीतपणासाठी मायक्रोनीडलिंग आणि फ्रॅक्शनल लेझर आहेत. दोन्हींत त्वचेत हजारो सूक्ष्म छिद्रं पाडून नवं कोलॅजेन तयार व्हायला भाग पाडतात; मधली कातडी शाबूत राहते, म्हणून लवकर भरते. फ्रॅक्शनल पद्धत २००४ साली पुढे आली आणि तिच्यामुळे पूर्ण थर जाळणारी लेझरं मागे पडली. मायक्रोनीडलिंगच्या तीन ते सहा बैठका, दर महिना-दीड महिन्याने, असा साधारण क्रम असतो. फरक शेवटच्या बैठकीनंतरही काही महिने वाढत राहतो. हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे इंजेक्शनने आत भरायचे जेल, खड्डा लगेच उचलतात, पण काही महिन्यांनी ते विरतात.

मुरमांच्या चेहऱ्यावर बहुधा तिन्ही प्रकारचे खड्डे असतात. तेव्हा दोन-तीन पद्धती एकत्र कराव्या लागतात, आणि एकाच पद्धतीचं दहा बैठकांचं पॅकेज आधीच विकत घेणं बरोबर नाही.

सहावी पायरी: त्वचेचा रंग विचारात घ्या

गव्हाळ, सावळी किंवा काळी त्वचा लेझरच्या उष्णतेला काळे डाग टाकून उत्तर देते. म्हणून ऊर्जा कमी, छिद्रं विरळ आणि बैठकांमधलं अंतर जास्त ठेवतात. मोठ्या भागावर करण्याआधी कानामागे किंवा जबड्याखाली छोटी चाचणी मागून घ्या. उन्हाने नुकतेच काळवंडला असाल तर तारीख पुढे ढकला. ओठांवर वारंवार नागिणीसारखे फोड येत असतील तर तेही सांगा. चेहऱ्यावरच्या लेझरआधी त्यासाठी गोळ्या देतात. वण लाल असेल तर ५९५ नॅनोमीटरचं डाय लेझर रक्तवाहिन्यांवर काम करतं. पांढऱ्या पडलेल्या वणात रंग परत आणणं सर्वांत अवघड. तिथे वैद्यकीय टॅटू किंवा चांगला झाकणारा मेकअप हे अगदी प्रतिष्ठित पर्याय आहेत.

सातवी पायरी: शस्त्रक्रिया कुणासाठी

रुंद, वेडावाकडा, चुकीच्या दिशेने गेलेला किंवा ओढणारा वण असेल, तर सर्जनकडे बरंच काही आहे. साध्या पद्धतीत जुना वण लांबट पानाच्या आकारात कापून कडा आतल्या थरात टाके घालून ताण न देता जोडतात. कापाची लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट ठेवावी लागते, नाही तर टोकांना कातडी उचलून येते. याचा अर्थ, छोटा गोल वण काढून त्याच्यापेक्षा लांब, पण बारीक रेष हाती येते. हा सौदा मंजूर आहे का, ते आधी ठरवा.

चेहऱ्यावर सुरकुत्यांच्या दिशेने गेलेली रेष लपते, आडवी गेलेली उठून दिसते. दिशा बदलण्यासाठी झेड-प्लास्टी करतात: वणाच्या दोन बाजूंना त्रिकोणी पदर उचलून त्यांच्या जागांची अदलाबदल करतात. त्याने रेषेची दिशा फिरते आणि लांबीही वाढते. ६० अंशांच्या कोनात हिशेबाने सुमारे ७५ टक्के. म्हणून आखडलेल्या वणांतही तिचा मोठा उपयोग. लांब सरळ रेष नागमोडी तुकड्यांत मोडली तरी नजर तिच्यावर ठरत नाही. फार रुंद वण दोन-तीन टप्प्यांत थोडा थोडा कापतात, किंवा शेजारच्या कातडीखाली फुगा ठेवून तो कित्येक आठवडे भरत जातात आणि वाढलेली कातडी वणाच्या जागी ओढून घेतात. दुसरीकडची कातडी लावली तर भाग मोकळा होतो, रंगरूप मात्र जुळत नाही.

छाती, खांदा आणि पाठ इथे फक्त दिसण्यासाठी वण कापून घेण्याच्या मी विरोधात आहे. तिथे ताण सतत असतो आणि नवी रेषही रुंदावते.

भेटीला जाताना सगळी औषधं लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंबाखू आणि सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर निदान चार आठवडे पूर्ण बंद, कारण निकोटीनने कडांचा रक्तपुरवठा आटतो. सर्जनला विचारा: माझ्यासारख्या त्वचेवर, याच जागी केलेल्या कामाचे वर्षभरानंतरचे फोटो आहेत का? महिन्याभराचे फोटो फारसं काही सांगत नाहीत.

शेवटची पायरी: टाके निघाल्यानंतर

चेहऱ्याचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत, अंगावरचे दहा ते चौदा दिवसांत निघतात. तेव्हा रेष छान बारीक दिसते. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती लाल आणि टणक होते आणि पैसे फुकट गेले असं वाटतं. ती अपेक्षित अवस्था आहे. टेप, सिलिकॉन आणि उन्हापासून बचाव तिसऱ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे सुरू ठेवा, सहा आठवडे तो भाग ताणला जाईल असा व्यायाम आणि जड उचलणं टाळा. रेष वाढती लाल, गरम, दुखरी झाली किंवा पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि ती उंच होऊन खाजायला लागली तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. या टप्प्यावर दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन उशिरा दिलेल्यापेक्षा सहसा जास्त काम करून जातं.